जोडीनं एकवीस किलोमीटर

घरातल्या दोघांनी मिळून हाफ मॅरेथॉन धावायचं ठरवलं की पहिली चर्चा बुटांची होते, दुसरी घड्याळाची आणि तिसरी त्या रविवारी घरी चहा-नाश्त्याचं कोण बघणार याची. वेगाचा विषय निघतच नाही. तो निघतो थेट स्पर्धेच्या दिवशी, मुंबईत असाल तर पेडर रोडच्या चढावर. एकाला अजून पळायची हौस असते, दुसऱ्याला धाप लागलेली असते. मग ‘तू हो पुढे’ हे वाक्य अशा सुरात येतं, की पुढे जाणाऱ्याचं पुढचं वर्षभर काही खरं नाही.

म्हणून हा मुद्दा आधी. एकत्र धावायचं तर वेग जोडीतल्या हळू माणसाचा. ज्याला आपली वेळ सोडवत नाही त्यानं खुशाल वेगळं धावावं आणि शेवटाला भेटावं, त्यात कमीपणा काही नाही. पण यातलं कोणतं करायचं ते नाव नोंदवण्याआधी ठरलं पाहिजे, कारण दोन्हींची तयारी वेगळी होते.

अंतराचं गणित समोर ठेवलं की हे लगेच पटतं. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी विंडसर किल्ल्यापासून स्टेडियमपर्यंत ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग आखला होता, १९२१ मध्ये तेच मॅरेथॉनचं अधिकृत अंतर झालं आणि त्याचं हे निम्मं. किलोमीटरला सहा मिनिटं या पेसनं धावलं तर जवळपास २ तास ७ मिनिटं लागतात, सातच्या पेसनं जवळपास २ तास २८, आठच्या पेसनं २ तास ४९. पेसमधला एका मिनिटाचा फरक शेवटी एकवीस मिनिटांवर जातो. सहानं धावणाऱ्या मुलीनं आठनं धावणाऱ्या बाबांबरोबर राहायचं ठरवलं, तर तिला रस्त्यावर बेचाळीस मिनिटं जास्त काढायची आहेत. ती दमणार नाही असं समजू नका. त्या जादा वेळाचं ऊन, तेवढी जादा पावलं आणि सवयीपेक्षा आखूड टाकलेलं पाऊल, या सगळ्याची तिच्या पायांना सवय नसते. हळू धावण्याचाही सराव करावा लागतो.

वेगळं धावणं आणि एकत्र धावणं या दोन्ही वाटांची मोठी उदाहरणं जगात आहेत. उत्तर आयर्लंडचे टॉमी ह्यूज आणि त्यांचा मुलगा ओवन यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टला मॅरेथॉन धावली. दोघांच्या वेळांची बेरीज ४ तास ५९ मिनिटं २२ सेकंद झाली आणि बाप-लेकाच्या जोडीचा तो विश्वविक्रम ठरला. टॉमी तेव्हा ५९ वर्षांचे होते, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये धावलेले. त्यांची वेळ २:२७:५२, मुलाची २:३१:३०. म्हणजे बापानं लेकाला साडेतीन मिनिटं मागे टाकलं. विक्रम जोडीचा असला तरी दोघं आपापल्या वेगानं धावले आणि बेरीज कागदावर झाली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे डिक आणि रिक हॉइट यांचं नेमकं उलट. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती, चालता-बोलता येत नव्हतं. १९७७ मध्ये एका जखमी खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव होती, त्यात भाग घ्यायचा हट्ट रिकनंच धरला. वडिलांनी त्याची खुर्ची ढकलत ती धाव पुरी केली. मग दोघं थांबलेच नाहीत. हजारावर स्पर्धा, त्यांत बॉस्टन मॅरेथॉन ३२ वेळा, शेवटची २०१४ मध्ये. १९९२ मध्ये खुर्ची ढकलत त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ४० मिनिटं ४७ सेकंदांत संपवली होती, आणि मोकळ्या हातांनी धावणाऱ्या हौशी माणसालाही ही वेळ सहसा जमत नाही. बॉस्टनची शर्यत जिथून सुटते त्या हॉपकिंटन गावात या दोघांचा पुतळा आहे. डिक २०२१ मध्ये गेले, रिक २०२३ मध्ये.

आपल्या घरातली जोडी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसते. कुठे बसते, याचं उत्तर बरंचसं शरीरात आहे, आणि शरीराच्या बाबतीत एकाच घरातली माणसं वाटतात त्यापेक्षा जास्त सारखी असतात.

नव्वदच्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी ‘हेरिटेज फॅमिली स्टडी’ नावाचा मोठा प्रयोग केला. क्लॉड बुशार हे त्यातलं मुख्य नाव. बैठी जीवनशैली असलेली ९८ श्वेतवर्णीय कुटुंबं, आई-वडील आणि त्यांची मोठी मुलं मिळून ४८१ माणसं घेतली, आणि सगळ्यांना वीस आठवडे एकाच पद्धतीनं व्यायामाच्या सायकलवर बसवलं. आधी आणि नंतर, शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजलं. धावपटू ज्याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात ते हेच. सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर निघाली. पण सरासरीच्या आत मोठा गोंधळ होता. काहींची क्षमता जवळजवळ हललीच नाही, काहींची एक लिटरच्या वर गेली. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच.

या गोंधळात एक शिस्त सापडली. एका कुटुंबातल्या माणसांमधला फरक कमी होता. वेगवेगळ्या कुटुंबांमधला फरक त्याच्या अडीच पट भरला. सरावाला शरीर किती साथ देतं यातला जास्तीत जास्त ४७ टक्के भाग घराण्याकडून येतो असा अंदाज १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकं आली, तशा घरातल्या सवयीही आल्या. अभ्यास ज्या लोकांवर झाला ते आपल्याकडचे नव्हते, आणि ऑक्सिजनची क्षमता हा धावण्यातला एकच घटक आहे, हे धरून चालू. तरी घरच्या जोडीला यातून एक कामाची गोष्ट मिळते. दोन महिने घाम गाळूनही तुमचा पेस सुधारत नसेल आणि बहिणीचाही सुधारत नसेल, तर शेजारच्या इमारतीतल्या पोराशी तुलना करून एकमेकांना आळशी ठरवू नका. तुमच्या घराचं शरीर सावकाश वळणारं असू शकतं. सरावाला सोळा आठवड्यांऐवजी वीस द्या.

वयाचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. तिशीनंतर ऑक्सिजनची ही क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नियमित धावणाऱ्यांत ही उतरण निम्म्यावर येऊ शकते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके किती, याचं एक प्रचलित सूत्र आहे: वयाला ०.७ नं गुणायचं आणि येईल ते २०८ मधून वजा करायचं. पंचविशीतल्या मुलीचे ठोके येतात सुमारे १९०, पंचावन्नच्या बाबांचे १७०. आता दोघं शेजारी शेजारी धावताहेत आणि दोघांच्या घड्याळात १५० दिसतंय. तिच्यासाठी ते कमाल ठोक्यांच्या ७९ टक्के आहे, त्यांच्यासाठी ८८ टक्के. ती आरामात आहे आणि ते काठावर. आकडा एकच असल्यामुळे दोघांचंही चांगलं चाललंय असं दोघांना वाटतं. बाबा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असतील तर त्यांचे ठोके मुळातच दाबलेले असतात आणि घड्याळाचा आकडा काहीच सांगत नाही.

त्यापेक्षा बोलून बघणं भरवशाचं. पूर्ण वाक्य मधे न थांबता बोलता येत असेल तर वेग लांब पल्ल्याचा आहे. तीन-चार शब्दांवर दम लागत असेल तर जास्त झालाय. एकट्या धावपटूला ही चाचणी घेण्यासाठी स्वतःशी बोलावं लागतं, जोडीला ती फुकट मिळते. फक्त ती हळू माणसावर घ्यायची. मुलगी ऑफिसची सगळी हकिकत सांगतेय आणि बाबा नुसते ‘हं, हं’ करताहेत, याचा अर्थ ते मन लावून ऐकताहेत असा नाही. एरवीही ‘हं’वर भागवणारे बाबा असतील तर त्यांना लांबलचक उत्तर येईल असा प्रश्न विचारा. पूर्वीच्या काळी जागा किती रुपयांना मिळत होती हा विषय सहसा वाया जात नाही.

वयानं तरुण असलेलाच जोडीतला बळकट माणूस असतो, हेही गृहीत धरू नये. किलोमीटरभर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते, वेग कमी-जास्त असला तरी यात फार फरक पडत नाही. ऐंशी किलोच्या मुलाला हाफ मॅरेथॉनला सुमारे १,७०० किलोकॅलरी लागतील, बावन्न किलोच्या आईला ११०० च्या आसपास. यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती काढायची मुख्य वाट घाम, आणि घाम वाळला तरच गारवा देतो: एक लिटर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, नुसता टपकला तर काहीच नाही. मुंबईच्या दमट हवेत तो बराचसा टपकतो. म्हणून सी लिंकवर छाती काढून निघालेला मुलगा गिरगावपर्यंत लालबुंद होतो आणि आई आपली तशीच चाललेली असते. मोठ्या शरीराला वजनाच्या मानानं त्वचा कमी असते, हेही त्याच्या विरोधात जातं.

बायकांच्या बाजूनं आणखी एक पुरावा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या जवळपास ९२ हजार धावपटूंच्या वेळा तपासल्या. दुसऱ्या अर्ध्यात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी घसरला, स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. अभ्यास पूर्ण मॅरेथॉनचा आहे, पण सुरुवातीला उसळून पळण्याची खोड एकवीस किलोमीटरलाही तीच असते. भाऊ-बहीण किंवा नवरा-बायको एकत्र धावत असतील तर पहिल्या पाच किलोमीटरचा पेस बाईच्या हाती द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तिच्या रक्ताकडे आधी बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर सराव कितीही नेमानं केला तरी तिसऱ्या किलोमीटरला दम लागणार आणि ‘माझ्यात स्टॅमिनाच नाही’ असं ती म्हणणार. सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीचा खर्च बुटांच्या किमतीच्या मानानं काहीच नाही. ती बूट घेण्याआधी व्हावी.

आता सरावाकडे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. २००४ मध्ये ती सुरू झाली, आणि हाफचे धावपटू माहीमच्या रेतीबंदरावरून सुटून सी लिंक, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह करत सीएसएमटीपर्यंत येतात. तिथून सरावाचे सोळा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा शेवट येतो. म्हणजे साधारण गणपती गेले की सुरुवात. मधे नवरात्र, ऑक्टोबरचं ऊन, दिवाळीचा फराळ आणि लग्नसराई. एकट्या धावणाऱ्याचे यातले दोन रविवार बुडतात. घरातल्या दोघांचे तेच रविवार एकदम बुडतात, कारण लग्न दोघांच्याही मावसभावाचं असतं. वेळापत्रक आखताना हे आठवडे आधीच हलके ठेवा.

आठवड्याला तीन दिवस धावणं नवशिक्याला पुरे: दोन दिवस अर्धा-पाऊण तास सोपं, रविवारी लाँग रन. लाँग रन दर आठवड्याला एखाद-दुसऱ्या किलोमीटरनं वाढवायचा, दर चौथ्या आठवड्याला उतरवायचा आणि सोळा-अठरा किलोमीटरवर थांबायचं. सरावात पूर्ण एकवीस धावायची गरज नाही. घाई अंगाशी येते ती एका कारणानं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूबंध आणि हाडांना महिने लागतात. दम लागेनासा झाला की पायही तयार झाले असं वाटतं आणि नडगी दुखायला लागते. घरात यात बहुतेकदा तरुण सापडतो, कारण त्याचा दम लवकर वाढतो. बाबांची पोटरी किंवा टाच धरते ती त्याच्याशी बरोबरी करायला गेल्यावर.

वेग वेगळे असलेल्या दोघांनी सराव एकत्र कसा करावा यावर एक जुनी आणि फार सोपी युक्ती आहे. अंतरावर वळू नका, वेळेवर वळा. दोघं एका जागेवरून निघा, आपापल्या वेगानं चाळीस मिनिटं धावा आणि घड्याळ बघून जिथे असाल तिथून मागे फिरा. सहाच्या पेसची मुलगी पावणेसात किलोमीटरच्या जवळ पोचलेली असेल, आठच्या पेसचे बाबा पाच किलोमीटरवर. वेग टिकवला तर दोघं निघाल्या जागी एकाच वेळी परततात. कुणी कुणासाठी थांबलं नाही आणि चहा एकत्र झाला. कोल्हापूरचा रंकाळा किंवा ठाण्याचं उपवन यांसारख्या तळ्याकाठी फेऱ्या मारणाऱ्यांना आणखी सोपं, तिथे दर फेरीला गाठ पडते. मात्र महिन्यातून दोन लाँग रन तरी खऱ्या जोडीच्या वेगानं, खांद्याला खांदा लावून करा. स्पर्धेत जे करायचं ते पायांना आधी दाखवलेलं बरं.

झोप हाही सरावाचाच भाग आहे, आणि घरातली जोडी इथेच असमान होते. नवरा साडेपाचला उठून बूट चढवतो. बायको साडेचारला उठून पोळ्या लाटते आणि मग बूट चढवते. वेळापत्रकात दोघांचा सराव सारखा दिसतो, पण तिची तासाभराची झोप रोज कापली गेलेली असते आणि दुखापत तिला होते. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. घरासाठी धावलेल्या बाईचं आपण असं कौतुक करतो. घरच्यांबरोबर धावणारीचा डबा मात्र तिलाच करावा लागतो. रविवारचा स्वयंपाक कुणाचा, हे सरावाच्या कागदावर किलोमीटरच्या शेजारी लिहा.

पहिलीच जोडीची हाफ असेल तर साताऱ्याची घेऊ नका, असं मी म्हणेन. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनेस विक्रम तिनं केला, तेव्हा अडीच हजारांवर धावपटू होते. शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढे जायचं आणि तसंच परत उतरायचं. पावसाळी हवा, धुकं, हिरवे डोंगर. स्पर्धा देखणी आहे यात शंका नाही. पण सपाटीवर दोघांच्या वेगात असलेला थोडासा फरक चढावर मोठा होतो, कारण तिथे प्रत्येकाला आपलं वजन वर उचलायचं असतं. उतारावर वेगळंच दुखणं. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि खरी वेदना एक-दोन दिवसांनी येते. मंगळवारी जिना उलट्या पावलांनी उतरणारं जोडपं दिसलं तर ते साताऱ्याहून आलंय असं समजा. ज्यांना जायचंच आहे त्यांनी काही आठवडे आधी दोन-तीनदा उतारावर धावून घ्यावं. एकदा ही इजा सोसून सावरलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. घाट चढताना घड्याळ बघू नये, श्वास बघावा आणि तीव्र चढ सरळ चालत काढावा.

स्पर्धेच्या दिवसाच्या काही गोष्टी जोडीला खास लागू पडतात. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या मागे आजार, औषधं आणि तातडीच्या संपर्काचा नंबर लिहायचा असतो. नवरा तिथे बायकोचा नंबर लिहितो, बायको नवऱ्याचा, आणि दोघांचे फोन एकाच पिशवीत बॅगेज काउंटरवर जमा असतात. घरी थांबलेल्या कुणाचा तरी नंबर लिहा. ऐनवेळी एकाला यायला जमलं नाही म्हणून त्याचं बिब धाकट्या भावाला लावून पाठवणं तर अजिबात नको. तो भाऊ रस्त्यात पडला तर वैद्यकीय पथक भलत्याच माणसाचा रक्तगट आणि भलतीच औषधं वाचत बसेल.

आधीच्या वेळांप्रमाणे दोघांना सुटण्याचे वेगळे विभाग मिळाले असतील तर जलद माणसानं मागच्या विभागात जाण्याची मुभा आहे का ते आधी विचारून घ्यावं. वेळ चिपवर मोजली जाते, उशिरा सुटल्यानं काही बिघडत नाही. मग आपल्या पेसची ‘बस’ धरावी, म्हणजे ठरावीक वेळेत नेणाऱ्या पेसरच्या मागचा घोळका. वेगाचा वाद त्रयस्थाकडे सोपवला की घरात शांतता राहते. आणि तिघं असाल तर रस्ता अडवून तिघं एका रांगेत धावू नका.

पाण्याच्या बाबतीत मायेला आवर घाला. ‘पाणी पी, पाणी पी’ हे आपल्याकडे काळजीचं पहिलं रूप असतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेलं होतं, थोड्यांचं गंभीर म्हणावं इतकं. ज्यांनी भरपूर पाणी प्यायलं, ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं आणि ज्यांना जास्त वेळ लागला, त्यांच्यात हे जास्त दिसलं. हळू धावणारा असं पिऊ शकतो, कारण त्याला प्रत्येक स्टॉलवर थांबायला सवड असते. तहान लागली की प्यावं, दर स्टॉलवर ग्लास रिता करण्याची सक्ती कुणी कुणावर करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यावा आणि खिशात ग्लुकोज ठेवावं, जोडीदाराच्याही. वेदनाशामक गोळी घेऊन सुटणं टाळावं; पाणी कमी पडलेल्या शरीरात तिचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

घरचं माणूस शेजारी असण्याचा सगळ्यात मोठा फायदा उष्माघातात आहे. परिश्रमानं होणाऱ्या उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. स्वयंसेवकाला तो नुसता दमलेला वाटेल. ‘बाबा कधी असं बोलत नाहीत’ हे फक्त मुलीला कळतं. असं वाटल्याबरोबर थांबवा, मदत बोलवा आणि गार करायला लागा. बर्फाच्या पाण्यात बसवणं सर्वांत चांगलं. ते नसेल तर अंगभर गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. रुग्णवाहिका येईपर्यंत वाट बघत बसू नका, पहिला अर्धा तास महत्त्वाचा.

राहिला हृदयाचा प्रश्न. घरात त्याचीच भीती सगळ्यात जास्त असते, म्हणून आकडे सांगतो. २००० ते २०१० या काळात अमेरिकेत हाफ आणि पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं, बहुतेक पुरुष. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखात एकाच्या आसपास होतं, हाफमध्ये त्याच्या जवळपास पाव. धोका अगदी थोडा आहे, पण तो सगळ्यांना सारखा नाही. दगावलेल्यांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार प्रामुख्यानं आढळला, आणि तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो. म्हणजे एकाच्या हृदयाच्या इको तपासणीत तो निघाला तर आई-वडील, भावंडं आणि मुलं सगळ्यांची तपासणी करावी लागते. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ही माहिती जोडीतल्या दोघांनाही लागू आहे, तिशीतल्यालाही. पळताना छातीत दाब आला, घेरी आली किंवा नेहमीपेक्षा भलताच दम लागला तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

त्याच अभ्यासात कोण वाचलं हेही बघितलं होतं. ज्यांना शेजारच्या माणसांनी लगेच सीपीआर दिला त्यांच्या वाचण्याची शक्यता ठळकपणे जास्त निघाली. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं, की १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगायचं आणि छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहायचं. वाचून ते येत नाही, पुतळ्यावर हात चालवून शिकावं लागतं आणि त्याला एक दुपार पुरते. सोळा आठवड्यांतली ती दुपार काढा, आणि घरातल्या दोघांनीही शिका, कारण दोघांपैकी कोणाला कोणाची गरज पडेल ते आधी सांगता येत नाही.